सात दिवसांची पेटी

उघडत नाही असं कुलूप नसतं. ज्याला उघडता येत नाही असा माणूस असतो. हे वाक्य मी बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. माझं किल्ल्यांचं दुकान आहे. रुंदी दोन माणसं उभी राहतील एवढी, आणि तिसरा आत शिरला तर मला बाहेर यावं लागतं. मागच्या भिंतीवर एका मोठ्या रुग्णालयाचं आभाराचं पत्र फ्रेम करून लावलंय. त्यांच्या औषधांच्या कपाटाचं कुलूप अडकलं होतं, तिघांनी हात टेकले होते, मी चार मिनिटांत उघडलं. साधा ओरखडासुद्धा नाही. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुलूप उघडायचं, फोडायचं नाही. कुलपावर हातोडी उचलली की कारागीर संपला. माझ्याकडे हातोडी आहे, पण ती भिंतीत खिळे ठोकायला.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही.

सुरुवात झाली समुपदेशक बाईंपासून. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. लोक त्यांच्याकडे जाऊन मन मोकळं करतात आणि बाई ते सगळं लिहून कपाटात बंद करतात. एके दिवशी कपाटाची किल्ली हरवली. मी वर गेलो. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर मोठं घड्याळ, बाकी काही नाही. कपाट पंधरा मिनिटांत उघडलं. एरवी पाच लागली असती.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही पंधरा मिनिटांत अकरा वेळा फोन बघितलात."

"वेळ बघत होतो."

"समोर भिंतीवर घड्याळ आहे की."

"ते पुढे असलं तर काय घ्या."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून दिला. वीस प्रश्न होते. हो असेल तर खूण करायची. फोन जवळ नसला की अस्वस्थ वाटतं का? झोप कमी झाली आहे का? चिडचिड वाढली आहे का? फोनवर किती वेळ जातो ते घरच्यांपासून लपवता का?

"घरी जाऊन भरा," त्या म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. फोन बघणं हा आजार नसतो पुष्कळदा. आपण त्यात काय शोधतोय, ते बघावं लागतं."

मी घरी जाऊन कागद भरला. वीसपैकी दोन खुणा झाल्या. झोपेची एक आणि चिडचिडीची एक. पण ती वयानं होते. मला व्यसन नाही हे लेखी सिद्ध झालं. मग कागदाची घडी घालून मी तो गंजीफ्रॉकच्या कप्प्यात सरकवला, म्हणजे हिला दिसायला नको.

हिला दिसला. तिनं पेन घेतलं आणि माझ्या नावानं परत भरला. सतरा.

"हे बघा, लपवता का, इथे तुम्ही खूणच केली नाहीत," ही म्हणाली. "कागद मला कुठे सापडला, सांगू का?"

मी म्हटलं, "मी कुलपांची माहिती वाचत असतो. धंद्यात अद्ययावत राहावं लागतं."

"कुलपांची माहिती. बरं." एवढंच म्हणून ही स्वयंपाकघरात गेली. आमच्या संसारात 'बरं' हा शब्द फार धोक्याचा आहे.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी फोनमध्ये कुलपं बघत नव्हतो. मी आमच्या टाचणीला बघत होतो.

टाचणी म्हणजे आमची एकुलती एक लेक. सहा वर्षांची असताना तिनं टाचणीनं माझ्या पेटीचं कुलूप उघडलं, तेव्हापासून हे नाव. तिच्यासारखा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी. दहा वर्षं ती माझ्याशेजारी बसून किल्ल्या घासत होती. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी म्हणाली, "बाबा, मला एका कंपनीत घेतायत. किल्ली नसलेली कुलपं करतात ते. आकड्यांची, अंगठ्याची."

"किल्ली नसेल तर ते कुलूप कसलं?"

"लोकांना किल्ल्या नको झाल्यात, बाबा."

हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. मी म्हटलं, "मग ह्या घराचीसुद्धा नको असेल. ती ठेव आणि जा. घरी येऊ नकोस." बोललो आणि मला वाटलं, ती भांडेल. लहानपणापासून शब्दाला शब्द देणारी पोर. पण तिनं किल्ली काढली, गल्ल्यावर ठेवली आणि गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. त्या कंपनीचं नावसुद्धा घरात काढायचं नाही, असा हुकूम मी सोडला. ती किल्ली मी माझ्या डोक्यामागच्या खिळ्याला अडकवली. तिला गंज चढू नये म्हणून दर आठवड्याला पुसायचो. लोखंड आहे, काळजी घ्यावी लागते.

तर मी काय करायचो? फोन उघडायचा, तिच्या नावावर जायचं. 'ऑनलाइन' दिसलं की बरं वाटायचं. म्हणजे पोरगी जागी आहे, जेवली असेल, ठीक असेल. दोन मिनिटांनी तो शब्द जायचा. मग परत कधी येतो म्हणून बघत बसायचं. किल्ली घासताना, जेवताना, आंघोळीला पाणी तापेपर्यंत. मग मी टाइप करायला घ्यायचो आणि पुसायचो. आठ महिन्यांत मी तिला किमान चारशे निरोप लिहिले असतील. तिला एकही गेला नाही.

पंधरा दिवसांनी हिनं एक पेटी आणली. डब्याएवढी, पोलादी, राखाडी रंगाची, वर एक काळी काच.

"यात फोन ठेवायचा," ही म्हणाली. "मुदत लावायची. मुदत संपेपर्यंत उघडत नाही. कुणालाच."

"कुणालाच?" मी हसलो. "अगं, तू कुणाशी बोलतेयस?"

आधी आमच्या घरात तीन उपाय होऊन गेले होते हे तुम्हाला सांगायला हवं. हिनं फोन कपाटात ठेवला होता. मी तो चाळीस सेकंदांत काढला. मग ट्रंकेत ठेवला, दोन कुलपं लावून. ती दीड मिनिटात. मग शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानातल्या गल्ल्यात ठेवला. तो मी त्यांच्या देखत काढला आणि त्यांना कुलूप बदलायचा सल्लाही दिला. किल्लीवाल्याला व्यसन लागू नये, एवढं मात्र खरं. त्याला कोंडून ठेवायची सोयच नाही.

"ह्याला भोकच नाही किल्लीचं," ही म्हणाली. "मी दोन दिवस ताईकडे जातेय. आल्यावर बघते."

"दोन दिवस कशाला? सात दिवस ठेवतो."

"जमेल?"

"मी शब्द दिला की दिला."

"बरं," ही म्हणाली, आणि सकाळच्या गाडीनं गेली.

दुकान उघडून मी पेटी समोर ठेवली. सोबत एक माहितीपुस्तिका होती. कुलपाची माहिती मला पुस्तिकेनं द्यावी इतके वाईट दिवस आलेले नव्हते, म्हणून मी ती खणात टाकली. काचेवर बोट लावलं की आकडे फिरायचे. मी सातावर आणलं. सातच्या शेजारी बारीक अक्षरात काहीतरी होतं. बारीक अक्षरं मी चष्म्याशिवाय वाचत नाही, आणि चष्मा लावून वाचावं असं बारीक अक्षरात कुणी काही लिहीत नाही. झाकण दाबलं की कुलूप बसणार होतं.

आता सात दिवसांचा विरह. म्हटलं, शेवटचं एकदा बघून घेऊ. टाचणी ऑनलाइन होती.

काय झालं कुणास ठाऊक, या वेळी मला वाटलं की आता लिहायचंच. सात दिवस आपल्याला पुसताही येणार नाही आणि उत्तराची वाट बघत बसावंही लागणार नाही. मी लिहायला घेतलं. मनात पूर्ण वाक्य तयार होतं: तू घरी येऊ नकोस असं मी रागाच्या भरात बोललो, ते मनावर घेऊ नकोस. एका बोटानं लिहितो मी. 'तू घरी येऊ नकोस असं' इथपर्यंत आलो, तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात उभं राहिलं.

"काका, डुप्लिकेट किल्ली करून मिळेल का?"

मी असा दचकलो की विचारू नका. हातातला फोन पेटीत टाकला आणि झाकण दाबलं. पण टाकताना अंगठा कुठेतरी लागला. झाकण पडता पडता मला फटीतून दिसलं: माझा निरोप वर सरकला. 'तू घरी येऊ नकोस असं.' शेजारी दोन खुणा. आणि कुलूप बसलं.

वाचकहो, आठ महिने मी त्या पोरीला एक अक्षर पाठवलं नव्हतं. पाठवलं ते हे.

गिऱ्हाइकाला मी उद्या या म्हणून सांगितलं. मग कुलूप उघडायच्या दोन्ही तारा काढल्या, एक सरळ, एक वाकडी, आणि पेटीपुढे बसलो. भोक शोधलं. नाही. फिरवून बघितली, उलटी करून बघितली, कान लावून बघितली, बिजागरीच्या खिळ्यांवर नख फिरवलं. खिळे आतून. ज्यानं केलं त्यानं काम चोख केलं होतं, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. मी एक अगदी बारीक तार काचेच्या कडेनं सरकवली. आतून 'टक' असा आवाज आला आणि काच काळी पडली. सातचा आकडाही गेला. म्हटलं, मोडलं. बत्तीस वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी मोडलं.

आणि तेवढ्यात आत फोन वाजायला लागला.

तुम्ही कधी बंद पेटीत वाजणारा फोन ऐकलाय? पोटातून वाजल्यासारखा वाजतो. मला नाव दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं कुणाचा असेल ते. मी पेटीवर दोन्ही हात ठेवून "थांब, थांब" म्हणत बसलो. थोडा वेळ वाजला आणि बंद झाला.

शेजारी शिंपीकाकांचं दुकान. पेटी काखेत मारून मी तिकडे धावलो.

"काका, आमच्या हिला फोन लावा. तुमचा द्या."

"नंबर सांगा."

नंबर. मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. मला हिचा नंबर येत नाही. टाचणीचा येत नाही. दुकानाच्या कधीच बंद पडलेल्या जुन्या फोनचा नंबर मला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेन. बाकी सगळे नंबर पेटीत.

"थांबा," शिंपीकाका म्हणाले, "वहिनी कपडे टाकतात ना माझ्याकडे. वहीत नंबर असणार." त्यांनी वही काढली, बोट फिरवलं, नंबर सापडला. लावला.

माझ्या काखेत फोन वाजला.

"वहिनींनी तुमचाच दिलाय नंबर," शिंपीकाका म्हणाले. "म्हणाल्या असतील, त्यांच्या हातात असतोच सदा."

आता एकच नंबर उरला होता, पेटीच्या तळाला छापलेला. कंपनीचा मदतीचा. मी तो शिंपीकाकांच्या फोनवरून लावला. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग वाट बघा. वाट बघताना वाद्यसंगीत. शेवटी एका मुलीचा शांत आवाज आला.

"नमस्कार सर, पेटीबद्दल काय अडचण आहे?"

"उघडायचीय."

"मुदत संपली आहे का?"

"नाही. सात दिवस आहेत. पण आत्ता उघडायचीय."

"सर, सगळेच ग्राहक आत्ता उघडायचीय म्हणून फोन करतात. त्यासाठीच पेटी आहे." ती हे इतक्या गोडीनं म्हणाली की रागावताही येईना. "काचेवर काय दिसतंय?"

"काही नाही. काळी पडलीय."

"झाकण उचलून बघितलंत का?"

माझा पारा चढला. "ताई, मी बत्तीस वर्षं कुलपं उघडतोय. माझ्या भिंतीवर रुग्णालयाचं पत्र आहे. तुम्ही मला झाकण उचलायला शिकवताय?"

"सॉरी सर. विचारावं लागतं. तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर मी एक ओटीपी पाठवते, तो मला सांगा."

पेटीत 'टिंग' वाजलं.

"आला," मी म्हटलं.

"सांगा ना सर."

"तो पेटीत आलाय."

शिंपीकाकांनी मान खाली घालून बटण लावायला घेतलं. त्यांचे खांदे हलत होते.

"मग तंत्रज्ञ पाठवावा लागेल," मुलगी म्हणाली. "निघण्यापूर्वी ते तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर फोन करतील."

"अहो, तोच..."

"हो सर, पेटीत आहे. लिहिते मी तसं. मुदतीआधी उघडण्याचं कारण? वैद्यकीय, कौटुंबिक की इतर?"

"कौटुंबिक."

"थोडक्यात सांगा."

थोडक्यात सांगायला मला येत नाही, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. मी सुरू झालो. टाचणीपासून, गल्ल्यावर ठेवलेल्या किल्लीपासून, 'ऑनलाइन' या शब्दापासून. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती मापं द्यायची थांबली. समुपदेशक बाई खाली उतरत होत्या, त्याही दारात थबकल्या. मी कुणाकडे बघत नव्हतो. आठ महिने बायकोला जे सांगितलं नव्हतं ते मी मदतीच्या नंबरवरच्या एका अनोळखी मुलीला सांगत होतो, आणि माझा आवाज मला ऐकू येईनासा झाला होता.

"म्हणजे निरोप अर्धाच गेला," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "'तू घरी येऊ नकोस असं.' पुढे काय होतं सर?"

"पुढचं मी लिहिलंच नाही."

"मला सांगा. तक्रारीत पूर्ण लिहावं लागतं."

मी शिंपीकाकांच्या स्टुलावर बसलो. मनातलं तयार वाक्य कुठेतरी गेलं होतं. मी म्हटलं, "लिहा. असं मी बोललो ती चूक माझी होती. मला भीती वाटली होती. तू गेलीस तर माझ्याशेजारी कोण बसणार, याची. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला तू बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. घर तुझंच आहे. कुलूप बदललेलं नाही." मग म्हटलं, "फार लांबलं का?"

"नाही सर," ती म्हणाली. "बसलं. दुकानाचा पत्ता सांगा. चारपर्यंत तंत्रज्ञ येतील."

फोन ठेवला. समुपदेशक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "काका, आता तो कागद परत भरायची गरज नाही."

चार वाजेपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात फोन नव्हता, आणि हात सारखा खिशाकडे जात होता. तिनं तो निरोप वाचला असणार. फोन केला आणि मी उचलला नाही. म्हणजे तिच्या लेखी बाप दोनदा म्हणाला, येऊ नकोस. दरम्यान पेटी दोनदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा मी भिंतीवरची हातोडी काढली. खरंच काढली. उचलली. पण समोर रुग्णालयाचं पत्र होतं, आणि आत माझी पोर बोलत होती असं मला वाटत होतं, तिच्यावर हातोडी कशी मारायची? मी ती परत टांगली.

पावणेचारला दारात कुणीतरी उभं राहिलं. निळा गणवेश, खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात पाटीला लावलेले कागद.

"तक्रार तुमचीच का?" टाचणीनं विचारलं.

मी उभा राहिलो. बसलो. परत उभा राहिलो. दुकानात त्यापलीकडे करण्यासारखं काही नसतं.

"ही पेटी तुमच्या कंपनीची?" मला एवढंच सुचलं.

"आईनं मला सांगूनच घेतली. कंपनीचं नाव वाचलं असतंत तर कळलं असतं. पण घरात ते काढायचं नाही ना." ती कागदाकडे बघून बोलत होती. "मी सकाळी फोन केला होता. उचलला नाहीत. मला वाटलं, बाबांना खरंच नको असेल. मग दुपारी ही तक्रार माझ्या टेबलावर आली."

"तुझ्याच कशी?"

"किल्लीवाले, वय अठ्ठावन्न, ग्राहक फार बोलतात. त्या मुलीला कळायला वेळ लागला नाही. मीच घरचं सांगत असते तिला डब्याच्या वेळी." तिनं कागद माझ्यापुढे धरला. "आमच्याकडे पद्धत आहे. काम सुरू करण्याआधी ग्राहकाकडून खातरी करून घ्यायची. तक्रारीतला मजकूर बरोबर आहे का ते वाचा आणि सही करा."

मी चष्मा लावला. त्या मुलीनं शब्दन्‌शब्द लिहिलं होतं. भीती वाटली होती, तेसुद्धा. समोर टाचणी उभी होती, ओठ घट्ट मिटून, लहानपणी कुलूप उघडताना मिटायची तसे. मी सही केली. अक्षर वाकडं आलं.

"बरोबर आहे?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे. आधीच सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली आणि गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले. मग पिशवी खाली ठेवली, पेटी स्वतःकडे ओढली, काळ्या काचेकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"मुदत किती लावली होती?"

"सात दिवस."

"दिवस का मिनिटं?"

"सात होतं. शेजारी काहीतरी बारीक..."

टाचणीनं पिशवीला हात लावला नाही. तिनं झाकणाच्या रबरी कडेत एक नख घातलं आणि झाकण वर उचललं. ते उघडलं. कसलाही आवाज नाही. आत माझा फोन पडलेला होता.

"सात मिनिटांनी उघडलीय ही, बाबा. तेव्हाच काच काळी होते. 'टक' आवाज आला असेल."

"आला होता."

"मग सकाळपासून तुम्ही केलंत काय?"

शिंपीकाका दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "काखेत घेऊन फिरले. उघडी पेटी." आणि मग त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. टाचणी हसायला लागली. आधी हळू, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून. मी बत्तीस वर्षांत हजारो कुलपं उघडली असतील, पण झाकण कधी उचलून बघितलं नव्हतं. ते गिऱ्हाईक बघतं. बघून, उघडत नाही म्हणूनच तर माझ्याकडे येतं.

हिचा फोन आला तो मी पेटीतूनच उचलला.

"आली का ती?" हिनं विचारलं. काय, कुठे, कसे आहात, काही नाही.

"आली."

"बरं," ही म्हणाली. या खेपेला त्या शब्दात धोका नव्हता. "मग उद्या येते मी. आणि सात दिवसांचं काय झालं?"

"ते येशील तेव्हा सांगतो."

टाचणीनं अहवाल भरला. रीतसर, तीन प्रतींत. शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'पेटीत दोष आढळला नाही. मुदत सकाळीच संपली होती. ग्राहकाने झाकण उचलून पाहिले नव्हते.' मग तिनं माझ्या डोक्यामागच्या खिळ्यावरून किल्ली काढली, उजेडात धरून दाते तपासले, म्हणाली, "चकाचक ठेवलीय," आणि खिशात टाकली. विचारलंसुद्धा नाही.

आमच्या हिनं दुसऱ्याच दिवशी त्या अहवालाची एक प्रत फ्रेम करून रुग्णालयाच्या पत्राशेजारी लावली. खिळा मलाच ठोकायला सांगितला, त्याच हातोडीनं. गिऱ्हाइकं आधी पत्र वाचतात, मग अहवाल वाचतात, मग माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालून किल्ली घासतो.

पेटी आता घरी असते. हिनं तिच्यात सुईदोरा ठेवलाय. फोनचं म्हणाल तर पुष्कळ सुधारणा आहे. टाचणी रोज संध्याकाळी सात वाजता फोन करते, त्यामुळे दिवसभर बघायचं काही कारण उरलेलं नाही. सहा वाजल्यापासून तेवढा हातात धरून बसतो. हे व्यसनात धरतात का, असं मी समुपदेशक बाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या नाही. म्हणजे मी बाईंना साडेपाच वाजल्यापासून म्हणून नाही सांगितलं, सहा म्हणूनच सांगितलं.